चढावरचं वजन

थोरली गेल्यावर तिचे कपडे आईनं ठेवून घेतले, पुस्तकं वाचनालयात गेली आणि सायकल धाकटीकडे आली. धाकटीनं ती मागितली नव्हती. थोरलीचा नवरा, म्हणजे तिचे भाऊजी, एका सकाळी आपल्या मोठ्या गाडीतून ती घेऊन आले आणि जिन्याखाली उभी करून म्हणाले की घरात हिच्याकडे बघवत नाही आणि विकवतही नाही, तर तूच ठेव. चहाला थांबले नाहीत. जाताना गाडीची डावी बाजू फाटकाच्या खांबाला घासली, तेही उतरून पाहिलं नाही.

सायकल कसली, धूडच होतं ते. हाताच्या मुठीत मावणार नाहीत असे जाड टायर, पुढे मोटरसायकलला शोभेल असा लांब शॉकअप, सीटखाली दुसरा. उचलायची तर आधी कंबर कसावी लागायची. दगडांवरून, झाडांच्या मुळांवरून, छातीइतक्या उंच कडेवरून उडी टाकत डोंगर उतरायचा आणि सगळे हादरे स्वतः गिळून वरच्या माणसाला सुखरूप खाली आणायचं, एवढ्यासाठीच ती बनवलेली. चढावर तिला कोणी चालवत नेतच नसे. वस्तीमागच्या डोंगरावर रविवारी भाऊजींची गाडी फेऱ्या मारायची. मागच्या ट्रॉलीत सायकली, आत सायकलवाले. वर सोडायचे, ते उतरून खाली यायचे, की पुन्हा वर. थोरलीची आणि भाऊजींची ओळख त्या गाडीतच झालेली. रविवारच्या त्या टोळीनं तिच्या सायकलीचं नाव म्हैस ठेवलं होतं, आणि तिला सगळे म्हशीवाली म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. म्हैस निदान दूध तरी देते, तुमच्या सायकली काय देतात, असं ती वर विचारायची.

म्हणूनच तिचं जाणं कोणाला उलगडलं नव्हतं. आठवड्याच्या मधल्या वारी, गाडी बंद असताना, ती एकटीच म्हैस घेऊन डोंगर चढत गेली होती. खाणीच्या जुन्या रस्त्यावर, वरच्या मोठ्या वळणाशी, दरडीला पाठ टेकून बसलेली सापडली. सायकल शेजारी नीट आडवी ठेवलेली. पडल्या-धडपडल्याची खूण नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासूनच दोष होता, कळायला काही मार्ग नव्हता, हे कुठेही झालं असतं, अगदी अंथरुणातसुद्धा. आईनं विचारलं, मग अंथरुणात का नाही झालं? डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

धाकटीला सलत होतं ते वेगळंच. उतारावर जिचा जीव, ती चढावर काय करत होती? आणि तिच्या तळहातांना ते फोड कसले होते?

धाकटी दात बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे तिच्या प्रयोगशाळेत यायचे. ती मेणात दात कोरायची, भट्टीत भाजायची, खिडकीच्या उजेडात धरून शेजारच्या दाताशी रंग जुळवायची. सगळा दिवस बिनचेहऱ्याच्या तोंडांसोबत जायचा. तुझ्या कामाला सगळं जग हसतं, असं थोरली म्हणायची. आता प्रयोगशाळेत ते वाक्य आठवलं की धाकटी हातातलं मेण खाली ठेवायची.

सायकल जिन्याखाली उभी राहिली. येता-जाता हँडल कमरेला लागायचं. वर्ष होत आलं, पावसाळा सरून हवा कोरडी झाली, तेव्हा एका सुटीच्या सकाळी धाकटीनं टायरमध्ये हवा भरली आणि म्हैस बाहेर काढली. ही चढते तरी का, एवढंच तिला बघायचं होतं.

खाणीचा रस्ता वस्तीच्या टोकापासूनच सुरू व्हायचा. एका अंगाला दरड आणि झुडपं, दुसऱ्या अंगाला खोल उतरती झाडी. खाण बंद पडून जमाना झाला होता, रस्त्यावर सुटी खडी पसरलेली. धाकटीला रोजच्या हलक्या सायकलीची सवय. पाय मारला की ती पुढे धावायची. म्हैस आधी विचार करायची. पेडल दाबलं की मागचा शॉकअप खाली बसायचा, मग सावकाश वर यायचा, आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सायकल वीतभर पुढे सरकायची. गादीवर उभं राहून जिना चढावा तसं. पुढचं चाक हळू चालीत एका रेषेत राहायला तयार नव्हतं, दारुड्यासारखं इकडे-तिकडे कलंडायचं. टायर रस्त्याला चिकटून बसल्यासारखे. पहिल्या चढातच धाकटीचा घामटा निघाला.

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. सुट्या खडीवर तिची हलकी सायकल घसरली असती, चाक जागच्या जागी फिरलं असतं. म्हैस घसरत नव्हती. मागचं चाक प्रत्येक दगडावर बसायचं, त्याला धरायचं आणि मग पुढे जायचं. सगळ्यात हलक्या गिअरवर, दम न सोडता पाय फिरवत राहिलं, की ती चढत होती. फार हळू, शेजारून माणूस चालत गेला असता तर पुढे निघून गेला असता इतकी हळू, पण चढत होती.

मोठ्या वळणाच्या थोडं अलीकडे मागचा शॉकअप एकदम खाली गेला.

हा पेडलचा हेलकावा नव्हता. कोणीतरी मागून येऊन अलगद टेकावं, तसा तो बसला आणि बसूनच राहिला. पुढचं चाक हलकं झालं, हँडल हातात तरंगू लागलं. धाकटीनं वळून पाहिलं. रस्ता रिकामा. ती पुढे पाय मारत राहिली आणि तिला स्वतःच्या श्वासात दुसरा श्वास मिसळलेला ऐकू आला. तिच्यापेक्षा सावकाश, सवयीचा, नाकानं आत आणि तोंडानं बाहेर. ती थांबली. तिचा एकटीचाच श्वास उरला. पाय टेकून ती बराच वेळ उभी राहिली, मग सायकल वळवून खाली आली. उतारावर ते वजन नव्हतं.

त्याच दुपारी ती सायकल घेऊन ढोल्याकडे गेली. ढोल्या हा सायकलींचा मेकॅनिक, अंगानं काडी, म्हणून नाव ढोल्या. रविवारच्या टोळीतला तोही एक. त्यानं म्हशीला अंगणातून येताना पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. मग सायकल स्टँडला टांगली आणि कामाला लागला. शॉकअपच्या चकचकीत दांडीवर एक पातळ रबरी रिंग असते. शॉकअप जितका दबेल तितकी ती खाली ढकलली जाते आणि तिथेच राहते, म्हणजे वर बसलेल्याचं वजन किती पडलं ते उतरल्यावरही दिसतं. ती रिंग पार तळाशी गेलेली होती. ढोल्यानं धाकटीकडे पाहिलं, रिंगकडे पाहिलं, आणि विचारलं की डबल सीट गेली होतीस का.

हवा कमी असेल, असं तोच पुढे म्हणाला. हवा कमी नव्हती, कुठे गळतही नव्हती. तरी त्यानं धाकटीच्या वजनाला बेतून ती नव्यानं भरली आणि तिला समजावून सांगितलं. चढावर माणसाचा भार मागे सरकतो, त्यात या सायकलीचा शॉकअप लांब, त्यामुळे मागचं अंग बसतं आणि पुढचं उठतं. उतारावर तोंडघशी पडू नये म्हणून हिचा पुढचं चाक धरणारा काटा तिरपा ताणलेला असतो, म्हणून हळू जाताना चाक भरकटतं. सीट उंच कर, तिच्या पार टोकावर बस, छाती हँडलकडे ने. शॉकअपला ही कळ आहे, चढाला लागलीस की दाब, म्हणजे तो कडक होईल. सगळं पटण्यासारखं होतं. धाकटीला ते पटवूनच घ्यायचं होतं.

पुढच्या सुटीला ती पुन्हा गेली. कळ दाबली, सीटच्या टोकावर बसली. म्हैस खरंच शहाण्यासारखी वागली, हेलकावे निम्म्यावर आले. मोठं वळण जवळ आलं आणि कडक केलेला शॉकअप मऊ पडून खाली बसला. श्वास आला. या वेळी ती थांबली नाही. वळणावर पुढचं चाक उचललं गेलं आणि डावीकडे, दरडीच्या बाजूला, झुडपांत जाऊन टेकलं. तिनं हँडल ओढून सरळ केलं. चाक पुन्हा डावीकडे. हिसका नव्हता, जबरदस्ती नव्हती. लहान मुलाचं बोट धरून त्याला रस्त्याच्या कडेला घेतात, तेवढाच जोर. तिथेच, त्या दरडीला टेकून, ताई सापडली होती.

धाकटी उतरली आणि सायकल ढकलत, जवळजवळ पळत, खाली आली.

घरी आई वाटाणे सोलत बसली होती. धाकटीला कोणाला तरी सांगणं भाग होतं, तिनं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं आई रडेल, किंवा ती सायकल घरातून घालव म्हणेल. आईनं एक शेंग सोलली, दुसरी घेतली.

"लहानपणी तुला मागे बसवून ती दिवसभर हिंडायची," आई म्हणाली. "तू कधी उतरून चालली नाहीस. आता ती बसली असेल, तर बसू दे."

धाकटी आईसमोर बसली आणि वाटाणे सोलायला लागली. भीती गेली नव्हती, पण तिच्यात आता दुसरं काहीतरी मिसळलं होतं. ताईला काही हवं असेल, आणि आपण दोनदा हँडल ओढून घेतलं.

तिसऱ्या वेळी डोंगरावर धुकं होतं. रस्त्याच्या पुढचे दगड चाकाखाली येईपर्यंत दिसत नव्हते. ओल्या खडीवर म्हैस आपली एकेक दगड धरत चालली. वळणाच्या अलीकडे वजन आलं, तेव्हा धाकटीच्या मानेवर काटा उभा राहिला, पण तिनं पाय थांबवले नाहीत. चाक डावीकडे वळलं, तिनं वळू दिलं. झुडपं तोंडावर आली, फांद्या हातांना ओरबाडत गेल्या, आणि मग एकदम काहीच लागेना. दरडीत एक तोंड होतं, बाहेरून झुडपांनी झाकलेलं. आत वाट होती.

पायवाट नव्हती ती, कोणीतरी कापून काढलेली वाट होती. उताराच्या पोटात पायरीसारखी खणलेली, सायकलच्या रुंदीची, बाहेरच्या कडेला दगड बसवलेले. सरळ वर न जाता ती डोंगराच्या अंगावर लांब तिरकी जायची, मोठं, सपाट वळण घ्यायची आणि पुन्हा तिरकी. मोठ्या लांब सायकलीला वळायला जागा मिळावी म्हणून प्रत्येक वळण ऐसपैस ठेवलेलं. चढ इतका बेतशीर की धाकटीला आपण चढतोय हे मांड्यांवरून नाही, झाडांच्या बदलत्या उंचीवरून कळत होतं. पुढचं चाक भरकटत नव्हतं. मागे वजन होतं, पण ते आता ओढत नव्हतं. दोघी जात होत्या.

एका उंच झाडाशी वाट संपली. पुढे नुसता उतार, त्यात अर्धवट खणलेली माती, वर्षभराचं गवत उगवलेलं. झाडाच्या बुंध्याशी ताडपत्रीखाली कुदळ, फावडं, घमेलं आणि करवत होती. कुदळीच्या दांड्याला चिंधी गुंडाळलेली. धाकटीनं ती हातात घेतली. ताईचे हात दवाखान्यात तिनं धरले होते तेव्हा त्यांवरचे फोड नेमके तिथेच होते जिथे आता तिला चिंधी टोचत होती. ती तिथे बसून खूप रडली. वर्षभरात ती एवढी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं भाऊजींना सोबत नेलं. कुठे, काय, हे सांगितलं नाही, फक्त चला म्हणाली. ते चालत निघाले. भाऊजी मोकळ्या रस्त्यावर ताठ चालायचे, समोर नजर ठेवून. पण वाटेच्या तोंडाशी डावीकडची फांदी सरळ त्यांच्या गालावर बसली. पुढे दुसरी. मग ते एका खुंटाला अडखळले, भर उजेडात, जवळजवळ आडवे झाले. धाकटीनं त्यांना सावरलं आणि तेव्हाच फाटकाचा खांब, गाडीच्या डाव्या अंगावरचे पोचे, काही बघायचं तर घुबडासारखी अख्खी मान फिरवण्याची त्यांची नवी सवय, हे सगळं तिच्या डोक्यात एकत्र आलं. टोळी त्या सवयीवरून त्यांची थट्टा करायची. तिनंही केली होती.

झाडाशी पोचल्यावर भाऊजींनी कुदळ पाहिली आणि खाली बसले. त्यांनी हळूहळू जे सांगितलं ते असं. कडेचं दिसणं कमी होत चाललं होतं, नळीतून बघावं तसं फक्त समोरचं उरलं होतं, आणि ते आणखी अरुंद होणार होतं. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली होती. हे फक्त थोरलीला ठाऊक होतं. ती मागेच लागली होती की आता बस करा.

"मी तिला म्हटलं, गाडी बंद केली तर ही सगळी वर कशी जाणार?" भाऊजी म्हणाले. "डोंगरच बंद पडेल. ती म्हणाली, चालवत जातील. मी हसलो. म्हटलं, तुझी म्हैस चढणार का हा डोंगर?"

"मग?"

"म्हणाली, चढते. वाट नीट पाहिजे." त्यांनी खणलेल्या कडेवरून हात फिरवला. "मला वाटलं, बोलण्यापुरतं बोलली."

धाकटीनं त्यांना किल्ल्या मागितल्या. भाऊजींनी मान हलवली. येत्या रविवारी बाहेरगावची माणसं येणार होती, शब्द दिलेला होता. तेवढा एक रविवार, मग गाडी कायमची उभी. रस्ता पायाखालचा आहे, डोळे मिटून नेईन, असंही ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांचे त्यांनाच ते शब्द कसे लागले ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी किल्ल्या दिल्या नाहीत.

रविवारी सकाळी धाकटी म्हैस घेऊन आधीच निघाली. मोठ्या वळणावर रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं आणि गाडी अडवायची, एवढंच तिनं ठरवलं होतं. पण बाहेरची माणसं लवकर आली होती, आणि ती वळणाशी पोचते न पोचते तोच तिला मागून इंजिनाचा आवाज आला. तिनं वळून हात केला. ती रस्त्याच्या डाव्या कडेला होती, दरडीला लागून. गाडी चढाच्या जोरात येत होती, मागे ट्रॉली खडखडत होती, आणि ती डावीकडे सरकत होती. काचेमागे भाऊजींचा चेहरा तिला स्पष्ट दिसला. नजर सरळ पुढे. ती त्यांच्या जगात नव्हतीच.

रस्ता ओलांडायला वेळ नव्हता. वळणापलीकडे रस्ता रुंद होतो, तिथवर गाठू, असं वाटून ती पेडलवर उभी राहिली आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. म्हैस हलली नाही. मागचा शॉकअप पार तळाला गेला, कोणीतरी दोन्ही पाय जमिनीत रोवून बसावं तसा. पुढचं चाक वर उठलं, डावीकडे पडलं, आणि धाकटी सायकलसकट झुडपांतून त्या वाटेच्या तोंडात कोसळली. तिच्या पायांशी गाडीचा पत्रा दरडीला घासत गेला. आरसा तुटून मातीत पडला. गाडी पुढे जाऊन थांबली.

भाऊजी उतरले. काय लागलं ते बघायला ते दरड चाचपत मागे आले आणि झुडपातून बाहेर येणाऱ्या धाकटीला पाहून थबकले.

"तू कुठून आलीस?"

"इथंच होते, भाऊजी. हात करत होते तुम्हाला."

गाडीतली माणसं खाली उतरली होती, त्यांत ढोल्याही होता. भाऊजींनी तुटलेला आरसा उचलला, जिथे ती उभी होती त्या जागेकडे मान वळवून पाहिलं, मग तिच्या ओरबाडलेल्या हातांकडे. ते गाडीच्या पायरीवर बसले. मग त्यांनी किल्ल्या काढून तिच्या हातात ठेवल्या. धाकटीला गाडी चालवता येत नव्हती. तिनं त्या ढोल्याकडे दिल्या. ढोल्यानं ती सावकाश खाली नेली, आणि बाकीच्यांनी आपापल्या सायकली ढकलत, धापा टाकत पुढचा डोंगर पार केला.

हिवाळाभर वाट खणली गेली. आधी धाकटी आणि भाऊजी, मग ढोल्या, मग टोळीतले एकेक जण. भाऊजींच्या कुदळीखालचं तेवढं त्यांना लख्ख दिसायचं, आणि तेवढंच बघायचं काम असल्यानं ते सगळ्यांत नेटकं खणायचे. गाडीवाला गेला आणि मुकादम आला, अशी कुरकुर टोळी करायची. ते कोणाचीही कडा वाकडी खपवून घ्यायचे नाहीत. थोरलीबद्दल कोणी बोलत नसे. तिनं ठेवलेली वळणं मात्र कोणी बदलली नाहीत.

ऊन वाढायला लागलं तेव्हा वाट माथ्याला पोचली. जड सायकलीवाले कुरकुरत, एकमेकांना शिव्या घालत, सीटच्या टोकावर बसून वर गेले. कोणी मध्ये उतरलं, कोणी झाडाला टेकलं. पण गेले सगळे. वर पोचल्यावर आपण फेऱ्या मारायचो तेव्हा हा डोंगर कधी पाहिलाच नव्हता, असं एक जण म्हणाला, आणि बाकीचे नेहमीसारखे त्याच्यावर हसले नाहीत.

धाकटी सगळ्यांच्या मागून निघाली होती. वळणाच्या अलीकडे वजन आलं. आता ती दचकत नसे. शॉकअप बसायचा, श्वास यायचा, आणि ती थोडी पुढे झुकून जागा करून द्यायची. पुढच्या माणसांचे आवाज दूर गेले. तिरकी वाट, मोठं वळण, पुन्हा तिरकी वाट. उंच झाड आलं, आणि झाडापुढच्या नव्या मातीवर चाक लागलं, तसा मागचा शॉकअप अलगद वर उचलला गेला. श्वास थांबला.

धाकटी काही पावलं पुढे गेली. म्हैस कधी नव्हे इतकी हलकी चालत होती, हेलकावत, रिकामी. तिच्यानं तो हलकेपणा सोसवेना. ती उतरली, मागे आली, पुन्हा बसून पुन्हा निघाली. झाडापाशी तेच झालं. ताईनं जिथवर खणलं होतं तिथवर ती येत होती. पुढची वाट दुसऱ्यांची होती.

नंतरही कधी ते बदललं नाही. धाकटी दर सुटीला जायची, झाडाशी उतरायची, थोडा वेळ थांबायची आणि उरलेला चढ एकटी चढायची. तोच भाग सगळ्यांत सोपा होता, आणि तिथेच तिचे पाय भरून यायचे. हे तिनं आईला सांगितलं नाही. आई विचारायची, बसली होती का? धाकटी हो म्हणायची.

एकदा ती तशी झाडाशी थांबलेली असताना भाऊजी कुदळ घेऊन वरून उतरत आले. आता ते एका हातानं दरड धरून चालायचे. ती दिसेपर्यंत ते अगदी जवळ आले होते. का थांबलीस, असं त्यांनी विचारलं. दम लागला, असं ती म्हणाली. ते तिच्या शेजारी, नव्या-जुन्या मातीच्या सांध्यावर बसले, आणि पाऊस आला की पाणी इथून आडवं वाहील, वाट तुटेल, एक चर काढायला हवा, असं सांगू लागले. ती उठली, म्हैस झाडाला टेकवली आणि कुठून खणायचं ते त्यांना विचारलं.